जुन्या वाड्याचं कवेलूचं छत: पाहणी, दुरुस्ती आणि फेरणी

विदर्भातल्या कुठल्याही जुन्या गावात गेलात तर मालगुजाराचा वाडा, पाटलाची माडी, एखादी जुनी शाळा अजून उभी दिसते. भिंती शाबूत, चौकटी सागवानी आणि डोक्यावर कवेलूंऐवजी (मातीच्या कौलांऐवजी) टिन. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कवेलू आता मिळत नाही, फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणूस मिळत नाही, वानरं टिकू देत नाहीत. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण उतरवलेलं छत जवळून पाहिलं की बहुतेक कवेलू धडधाकट निघतात. खराब झालेलं असतं ते भिंतीत शिरलेल्या फाट्याचं (कवेलू पेलणाऱ्या तिरप्या लाकडाचं) टोक, दोन पाखी (छताचे उतार) मिळतात तिथली पन्हळ, आढ्यावरचा (छताच्या माथ्यावरचा) गिलावा आणि वळचणीच्या (छताच्या खालच्या कडेच्या) पहिल्या दोन ओळी. एवढ्यासाठी शंभर वर्षांचं छत मोडून फेकलं जातं, हे मला फार लागतं. दुरुस्ती या चार जागांची करायची असते. बाकीच्या छताला दरवर्षी फेरणी पुरते.

सेवाग्राम आश्रमातलं आदी निवास १९३६ सालचं. माती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. दरवर्षी हात फिरत राहिला की हेच साहित्य किती टिकतं, ते तिथे जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

टिन आणि स्लॅब का नको

टिन हलकं असतं आणि एका दिवसात चढतं. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टिनाखालच्या माडीवर माणूस दुपारी बसू शकत नाही. नळीच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, टिनाखाली ती कोंडते. शिवाय वावधानात (वादळात) टिन उडतं, आणि उडताना ज्या फाट्यांना ठोकलेलं असतं त्यांनाही उचकटून नेतं.

स्लॅबचं नुकसान अधिक खोल आहे. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जातं, म्हणजे कवेलूच्या छताच्या कितीतरी पट. मातीत रचलेली भिंत, खाली काळ्या मातीतला पाया. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. वाड्याचं लाकडी छत या हालचालीबरोबर थोडं थोडं सरकतं आणि सांभाळून घेतं. स्लॅब सरकत नाही, त्यामुळे भिंत फाटते.

कामाचं वेळापत्रक

"मे महिन्यात करून घेऊ" असं म्हणून सगळं एकदम काढलं की मृगाचा पाऊस उघड्या घरात पडतो. कामाचे तीन भाग करा. पाहणी भर पावसात, म्हणजे आषाढ-श्रावणात. मोठी दुरुस्ती, लाकूड आणि चुना, जानेवारीपासून होळीपर्यंत. धानाची कापणी, कापसाची वेचणी संपत आल्यावरच मजूर मोकळे होतात आणि थंडीत चुना सावकाश मुरतो. एप्रिलच्या उन्हात तोच चुना आतून ओला असतानाच वरून वाळतो आणि तडकतो. वर्षाची फेरणी मात्र होळीनंतर सुरू करून रोहिणी लागायच्या आत संपवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट हमखास गाठते, म्हणून उघडलेल्या खणापुरती (दोन तुळयांमधल्या भागापुरती) ताडपत्री आणि दोर कायम जवळ हवेत.

पहिलं काम: पावसात खाली उभं राहणं

गळतं कुठे ते वर चढून कळत नाही. जोराचा पाऊस सुरू असताना बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि वर बघत राहा. पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. थेंब फाट्याच्या पोटाला धरून खाली ओघळतो आणि गाठ किंवा सांधा आला की सुटतो. म्हणून टपकण्याच्या जागेपासून फाट्याच्या कडेने आढ्याकडे नजर न्या. लाकूड जिथे पहिल्यांदा ओलं दिसेल तिथे खडूने खूण करा. खुणांना नंबर द्या, साध्या वहीत छताचा नकाशा काढा, मोबाइलवर फोटो घ्या. भाऊबंदांचा सामाईक वाडा असेल तर ही वही पुढे खर्चाच्या वाटणीलाही कामी येते.

पाऊस थांबला की लाकूड तपासा. फाट्याचा मधला भाग क्वचितच सडतो. सडतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे ओल येते आणि हवा लागत नाही. सुताराकडचा टोचा घ्या आणि भिंतीला लागून, खालच्या बाजूने टोचा. चांगल्या सागवानात तो नखभर जातो आणि हाताला झटका देऊन थांबतो. सडक्या लाकडात सालासारखा वरचा पापुद्रा शाबूत असतो, रंगही तोच, पण टोचा मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर काढला की टोकाला ओला तपकिरी भुसा चिकटून येतो. मग त्याच फाट्यावर हातोडीने वाजवत मागे या. पोकळ आवाज जिथे संपून भरीव आवाज सुरू होतो, तिथे खडूची रेघ ओढा. तेवढाच तुकडा बदलायचा आहे.

उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या बहुतेक वेळा भिंतीच्या आतल्या कोपऱ्यातून वर चढतात. नळी मोडून बघा. दोन-तीन दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वस्ती जिवंत आहे. नुसतं लाकूड बदलून मग उपयोग नाही. आधी भिंतीच्या पायथ्याची ओल काढा, लागून रचलेलं सरपण आणि मातीचा ढीग हलवा.

चढण्याआधी

घरावर येणारी विजेची तार महावितरणला कळवून काढून घ्या किंवा पुरवठा बंद करून घ्या. कवेलू फेरताना शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कवेलूवर पाय देऊन चालू नका. बांबूची शिडी पाख्यावर आडवी टाकून आढ्याला दोराने बांधा आणि तिच्यावरूनच हालचाल करा, म्हणजे वजन फाट्यांवर वाटलं जातं. माळ्यावर वटवाघळांची विष्ठा साठली असेल तर नाकातोंडाला मास्क लावून, पाणी शिंपडूनच ती काढा. कवेलूखाली साप आणि विंचू असतात, तेव्हा हातात जाड मोजे हवेत.

उतरवणं आणि निवडणं

एका वेळी एकच खण उघडायचा. त्यातही दोन्ही पाख्यांवरून सारखं उतरवत यायचं. एक पाखं रिकामं आणि दुसरं भरलेलं राहिलं की आढ्याला एका बाजूने रेटा बसतो आणि जुने सांधे सुटतात. उतरवताना आढ्याकडून वळचणीकडे या. कवेलू खाली फेकू नका, हातोहात द्या किंवा टोपल्यात सोडा.

खाली सांदवाडीत (घरालगतच्या मोकळ्या जागेत) तीन ढीग लावा. कवेलू डाव्या तळव्यावर मोकळं धरायचं आणि बोटाच्या पेराने टकटक करायचं. नीट भाजलेलं खणखणीत बोलतं. चीर गेलेलं, डोळ्यांना दिसत नसली तरी, भद्द वाजतं. फेरणारे जुने लोक वाजवल्याशिवाय एकही कवेलू वर देत नाहीत. पहिल्या ढिगात खणखणीत. दुसऱ्यात कोपरा उडालेली, पण ती पालथी घालता येतील अशी. तिसऱ्यात भद्द वाजणारी. तिसरा ढीगही फेकू नका, कुटून त्याची सुरखी करा. चुन्यात ती लागणार आहे.

शेवाळं आलं म्हणून कवेलू बाद होत नाही. नारळाच्या काथ्याने किंवा जाड ब्रशने घासा. ॲसिडने धुऊ नका, वरची भाजलेली कातडी जाते आणि कवेलू पाणी प्यायला लागतं.

कमी पडलेली कवेलू आणायची कुठून? आधी गावात चौकशी करा. घरकुल योजनेत जुनी घरं पाडली जातात तेव्हा शंभर वर्षांची पक्की कवेलू ट्रॉलीने खड्ड्यात टाकली जातात. ती घेऊन ठेवा, मापाची निघतात आणि ऊनपाऊस सोसलेली असतात. नवी घडवायची तर तुमचं एक जुनं कवेलू नमुना म्हणून कुंभाराकडे द्या. त्याच्याच मापाने, चाकावर नळी काढून, मधून चिरून घडवायला सांगा. ओलं असतानाच आतल्या बाजूला घडवल्याचं वर्ष कोरून घ्या, पुढच्या पिढीला नवं-जुनं ओळखता येईल. वळचणीसाठी लागणाऱ्या कवेलूंना त्याच वेळी तारेपुरतं भोक पाडून घ्या. आव्यातून (कुंभाराच्या भट्टीतून) निघालेली पाच-सहा कवेलू तपासा: दोन्ही तोंडं ओल्या मातीने बंद करून आत पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाठ ओलसर दिसली तर चालेल. पाणी ठिबकलं तर भट्टी कच्ची आहे, माल घेऊ नका.

लाकूड: तेवढंच काढा, तसंच घाला

ज्या जातीचं लाकूड आहे त्याच जातीचं घाला. सागाला साग, बीजाला बीजा, ऐनाला ऐन. पाडलेल्या वाड्यातलं जुनं लाकूड मिळालं तर नव्यापेक्षा चांगलं, कारण त्याला जे वाकायचं-तडकायचं होतं ते होऊन गेलेलं असतं.

सडलेलं टोक खुणेच्या पुढे थोडं चांगलं लाकूड घेऊन कापा आणि नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी फाट्याच्या उंचीच्या किमान अडीच ते तीन पट ठेवा. सहा इंची फाटा असेल तर सांधा दीड फुटाच्या आसपास येतो. आखूड सांधा टिकत नाही, आणि घाईत सुतार तिथेच लांबी कापतो. सांधा लाकडी खुंट्यांनी किंवा स्टीलच्या बोल्टांनी आवळा. साधा लोखंडी खिळा गंजला की भोवतीचं लाकूड खातो. नवा तुकडा भिंतीत बसवताना खाली सपाट दगड द्या आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा. ही जागा सिमेंटने भरली की नवं टोकही पुन्हा तिथेच सडतं.

आढं किंवा मयाल (मुख्य आडवी तुळई) झोकली असेल तर जॅक लावून एका दिवसात सरळ करायच्या भरीस पडू नका. टेकू देऊन ती आहे तिथे थांबवा. लाकडाने वर्षानुवर्षांच्या वजनाने जो बाक घेतला, त्यावर सगळे सांधे बेतले गेले आहेत.

कमच्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) आणि बांबू बदलायचे असतील तर तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्या, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असतं आणि भुंगा त्यालाच लागतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून, चिरलेल्या कमच्या त्यात आठवडाभर बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. हेच पाणी लाकडाच्या कापलेल्या टोकांवर दोन-तीनदा ब्रशने लावा. हे मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणून ते फक्त कवेलूखाली झाकल्या जाणाऱ्या लाकडासाठी. गावोगावी फासलं जातं ते जळालेलं काळं ऑइल मात्र वापरू नका. लाकूड काळं पडतं, आग लवकर धरतं आणि पुढे त्यावर कुठलाही दुसरा इलाज बसत नाही.

कवेलू बसवणं

आधी उतार मोजा. दोन हात आडवं गेल्यावर किमान एक हात चढ हवा. गडचिरोली-गोंदियाच्या पावसात थोडा जास्तच. जुन्या वाड्यात हा चढ असतोच. पूर्वीच्या दुरुस्तीत फाटे खाली दबले असतील तर मात्र बघा.

काम वळचणीपासून वर. खालची ओळ उताणी, तिच्यावर पालथी. नळीच्या कवेलूचं एक तोंड रुंद, एक अरुंद. उताण्या कवेलूचं रुंद तोंड आढ्याकडे आणि अरुंद तोंड वळचणीकडे ठेवायचं, म्हणजे वरच्याचं अरुंद तोंड खालच्याच्या रुंद तोंडात बसतं आणि पाणी पुढे सरकतं. पालथ्याचं नेमकं उलट: रुंद तोंड खाली. नवखा माणूस इथेच चुकतो आणि पहिल्या पावसात प्रत्येक जोडातून पाणी आत येतं. एकावर एक किमान तीन-चार इंच चढलं पाहिजे. प्रत्येक चार-पाच ओळींनी सुतळी धरून ओळ सरळ आहे का बघा. वेगवेगळ्या मापांची कवेलू एका उभ्या ओळीत कधीच मिसळू नका. जुनी रस्त्याकडच्या पाख्यावर घाला, नवी मागच्या.

वळचण भिंतीबाहेर दीड ते दोन फूट हवी. मातीच्या भिंतीचं आयुष्य तिच्यावर आहे. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत सगळ्यात जास्त पाणी येतं. तिथे जस्ताचा किंवा तांब्याचा रुंद पत्रा कवेलूखाली दोन्ही बाजूंना वीतभर आत जाईल असा घाला, आणि पत्र्यावर कवेलूंचे तुकडे वा गिलावा साठू देऊ नका. कवेलूखाली प्लॅस्टिक पसरायचा मोह होतो. गळती तात्पुरती थांबते, पण खालची वाफ प्लॅस्टिकला लागून पाणी होते आणि कमच्या आतून कुजतात. ताडपत्री संकटापुरती, कायमची नाही.

आढ्यावरची कवेलू चुन्यात बसवा. एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. चुना विझवल्यावर निदान काही आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत अजून उपयोगी आहे, पण आधी वीटभर जागेवर नमुना करून आठ दिवस बघा. काम झाल्यावर ओलं बारदान टाकून दहा-बारा दिवस दमट ठेवा. चुना विझवताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. सिमेंट इथे नको: ते कवेलूपेक्षा कडक असतं, हालचाल झाली की कवेलू फुटतं, आणि पुढच्या फेरणीला एकही अख्खं सुटत नाही.

वानरांचं काय? छतावर झुकलेल्या चिंचेच्या, आंब्याच्या फांद्या दहा-बारा फूट मागे छाटा. बहुतेक उड्या तिथूनच पडतात. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी भोकांतून तारेने बांधून घ्या. वाड्याच्या टोकांच्या ओळी आणि मधली प्रत्येक पाचवी-सहावी उभी ओळ चुना-मातीत बसवा, म्हणजे एक निसटलं तरी मागोमाग दहा घसरत नाहीत. एवढं करूनही वर्षाला थोडी फुटणारच. दोनेकशे कवेलू सांदवाडीच्या भिंतीला उभी रचून ठेवा, आडव्या थप्पीत खालची फुटतात.

पहिल्या दोन-तीन पावसांत थोडं गळलं तर लगेच वर चढू नका. कवेलू बसतात, धूळ फटींत भरते, आणि बरीच गळती आपोआप थांबते. श्रावणातही जे गळेल तेच वहीत लिहा.

धाब्याची घरं

बुलढाणा, अकोला, वाशीमकडे कवेलूऐवजी धाबं दिसतं: कड्या (आडव्या लाकडी तुळया), त्यावर लाकडी फळ्या किंवा तुराट्या, वर मातीचे थर आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. त्याचा घात वेगळ्या तऱ्हेने होतो. गळलं की वर आणखी माती टाकायची, दरवर्षी. १० बाय १० फुटांच्या खणावर एक इंच माती म्हणजे जवळपास ४०० किलो. वीस वर्षांत कड्या वाकतात आणि एका रात्री धाबं बसतं. म्हणून आधी जुना थर मूळ जाडीपर्यंत काढा, कड्यांची टोकं वर सांगितल्याप्रमाणे तपासा, मग पन्हाळीकडे (पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे) उतार देऊन नवी माती चोपा. काळी माती अजिबात नको, ती फुगून भेगाळते. पावसाआधी पन्हाळीची तोंडं मोकळी करा. धाबं बुडतं ते बहुतेक वेळा पन्हाळ तुंबल्यामुळेच.

देवळं आणि परवानग्या

गावातल्या हेमाडपंती देवळाच्या छतावर पिंपळ उगवलेला असतो. तो उपटू नका, मुळांबरोबर दगडाचे सांधेही निघतात. खोड सांध्यालगत कापा, मुळं मरू द्या आणि पुढच्या हिवाळ्यात भेगा चुन्याने भरा. हे फक्त संरक्षित नसलेल्या देवळापुरतं. लोणारचं दैत्यसूदन किंवा मार्कंडाचं मंदिर अशा केंद्र संरक्षित वास्तूंना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाशिवाय कुणी हात लावायचा नाही. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि पुढचा २०० मीटरचा विनियमित असतो. तुमचा खासगी वाडा त्या हद्दीत येत असेल तर छताच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. राज्य संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जायचं.

स्वतःच्या शेतातला साग दुरुस्तीसाठी तोडायचा असला तरी आधी वन विभागाची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो. त्यात महिने जातात. अर्ज पाहणीची वही आणि फोटो जोडून श्रावणातच टाका, म्हणजे जानेवारीत सुतार दारात येईपर्यंत लाकूड चिरून सावलीत वाळत पडलेलं असेल.